पोटखराब्यातली भाजी

मोरसाची भाजी ज्यांनी खाल्लीय त्यांना काही सांगायला नको. पण आपल्या चळवळीत देशावरचे, विदर्भातले, मराठवाड्यातले कार्यकर्ते जास्त. त्यांनी ती पाहिलेलीही नसणार. म्हणून आधी झाड सांगतो, मग इतिहास.

खाडीकाठाला जिथं रोजची भरती पोचत नाही, फक्त उधाणाचं पाणी चढतं, तिथल्या खाऱ्या चिखलात हे झुडूप येतं. शास्त्रीय नाव सुएडा. त्याच्या दोनतीन जाती आपल्या किनाऱ्याला आहेत. एक बसकी, एक झुडपासारखी वाढणारी. पान पानासारखं दिसतच नाही. हिरव्या जाड शेवया तोडून काड्यांना चिकटवाव्यात तसं दिसतं. चावलं की खारट. कूळ माठाचं, राजगिऱ्याचं, पालकाचं. म्हणजे तुमच्या ताटातल्याच भाज्यांचं हे भावंड, फक्त गावकुसाबाहेर राहिलेलं.

शेजारचा तिवर मीठ पानावाटे बाहेर टाकतो. मोरस टाकत नाही. पानाच्या पेशीत जी पाण्याची पिशवी असते तिच्यात तो मीठ कोंडून ठेवतो आणि त्या मिठाच्याच जोरावर खाऱ्या चिखलातून पाणी ओढून घेतो. जुनं पान मिठानं गच्च भरलं की लाल-जांभळं होतं, वाळतं, गळतं. शेंडा मात्र हिरवा. आपल्याला खायचा असतो तो हा शेंडा.

उरण, पनवेल, पेण, अलिबाग, वसई, सगळीकडच्या खाडीकाठाला ही भाजी खातात. मुंबईच्या बाजारातही आगरी-कोळी बाया तिचे वाटे लावून बसतात. आमच्या बौद्धवाड्यात माझी आजी शेंडे खुडून आणायची, उकडायची, पिळायची, ते पाणी फेकायची, परत उकडायची. मग कांदा, लसूण, मिरची आणि मूठभर जवळा. मी एकदा मिठाचं भांडं पुढं केलं तर म्हणाली, "मीठ नको टाकू रं, दर्यानं आधीच टाकलंय." हसायची बाई. पण त्या वाक्यात अर्थशास्त्र आहे. पुढं येईलच.

एक गंमत. मराठीत 'मोरस' म्हणजे साखरसुद्धा. मॉरिशसहून यायची ती पांढरीशुभ्र मोरस साखर. तिचा या झाडाशी काही संबंध नाही, नुसता शब्द सारखा. पण त्या साखरेच्या मळ्यांवर १८३४ पासून गिरमिटिये मजूर इथूनच गेले, त्यात कोकणातले मराठी बोलणारे होते. एक मोरस वरच्या घरांत चहात पडली, दुसरी आमच्या तव्यावर.

तर इतिहास. कुणी म्हणेल, रानभाजीला कसला इतिहास? इतिहास गडांना असतो, घराण्यांना असतो. हे म्हणणारे आपल्यातही आहेत, म्हणून हे लिहितोय.

१८८६ साली मुंबई गॅझेटियरच्या मालिकेत वनस्पतींचा खंड निघाला. लिहिणारे डॉ. लिस्बोआ, गोव्याचे. मेहनती माणूस. त्या खंडात दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या झाडांची वेगळी यादी आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अशा याद्यांची सरकारला गरज वाटायला लागली होती. या याद्यांचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण 'दुष्काळी अन्न' हा शब्द बघा. ज्याला एरवी भात मिळतो त्यानं पाला खाल्ला की दुष्काळ. ज्याच्या घरात तो पाला वर्षातले कितीतरी दिवस शिजतो त्याच्यासाठी शब्दच नाही. त्याची दुष्काळाची तारीख सुरू कधी झाली आणि संपली कधी, हे कुठल्या गॅझेटियरनं लिहायचं?

झाडाला सुएडा हे नाव ज्यानं दिलं त्याची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. पीटर फोर्सकॉल. स्वीडनमध्ये शिकलेला, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा विद्यार्थी. १७५९ मध्ये त्यानं नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. आपण काढतो तशीच, थोड्या पानांची. स्वीडिश सरकारनं ती जप्त करायचा हुकूम काढला. विद्यापीठाचा प्रमुख होता खुद्द लिनियस. त्याच्यावर प्रती गोळा करायचं काम आलं. छापल्या होत्या पाचशे, हाती लागल्या ७९. बाकीच्या लोकांनी दडवल्या! नंतर फोर्सकॉल डेन्मार्कच्या राजाच्या मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापानं मेला, वय फक्त ३१. त्याची टिपणं त्याच्या सोबत्यानं, कार्स्टन नीबूरनं, पुढं छापून आणली. हा नीबूर फोर्सकॉल गेल्यावर त्याच वर्षी मुंबईत उतरला होता. सुएडा हे नाव अरबीतून घेतलेलं आहे, अर्थ काळसर. म्हणजे बघा, झाडाचं शास्त्रीय नावसुद्धा किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडातून उचललेलं. नाव गेलं पुस्तकात. लोक राहिले चिखलात.

आता मीठ.

इंग्रजांच्या राज्यात मीठ ही सरकारची मिरास होती. १८८२ चा मिठाचा कायदा आणि आपल्या इलाख्यासाठी १८९० चा वेगळा कायदा. खाजणात उन्हानं आपोआप जमलेलं मीठ खरवडून घरी नेणं हासुद्धा गुन्हा. १९३० साली मणामागं सव्वा रुपया कर होता. १९२३ मध्ये तर अडीच रुपये करून बघितला होता. मीठ गरिबाला जास्त लागतं. घामात जातं म्हणून लागतं, भाकरीबरोबर दुसरं काही नसतं म्हणून लागतं. आणि आपल्या लोकांना आणखी एका कारणानं लागायचं. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या मीठ लावून वाळवायच्या, कातडं खारवायचं. मिठाचा खडा महाग झाला की ज्याच्या कामातच मीठ त्याचा गळा आधी आवळतो.

मिठाच्या खड्यावर शिपाई बसवले, पण मोरसाच्या पानावर कर बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते झाड चिखलातलं मीठ फुकट वर काढून देत होतं. "दर्यानं आधीच टाकलंय" याचा अर्थ हा.

१९३० च्या त्या मार्चबद्दल एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. १२ मार्चला गांधीजी दांडीला निघाले. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एकाच महिन्यात दोन सत्याग्रह. एक मिठासाठी परक्या सरकारशी, दुसरा माणूस म्हणून उभं राहण्यासाठी स्वकीयांशी. पहिल्याचे पुतळे चौकाचौकात. दुसऱ्यात दगड खाल्लेल्यांची नावं आपण तरी कितीजण सांगू शकतो? मिठाचा लढा खोटा होता असं मी म्हणत नाही. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यात मीठ पिकतं त्या भागातल्या लोकांना घरापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ घ्यायची मुभा मिळाली. ती आमच्या खाडीकाठच्यांनाही मिळाली. पण ज्या जमिनीत ते मीठ होतं ती जमीन कुणाची, हे कुणी विचारलं नाही. तो आपला प्रश्न.

खाजणातली जमीन देवानं दिलेली नसते, ती माणसानं केलेली असते. खाडीच्या तोंडाला मातीचा बांध घालायचा. बाहेरचा बांध तो बाहेरकाठा. त्याला उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाईल, भरतीला बाहेरचं आत येणार नाही. मग पावसानं दोनतीन वर्षं मीठ धुऊन काढायचं. तोवर आत मोरस माजलेला असतो. मग एखादा चिवट भात पेरायचा, काळा रातासारखा, खारटपणा सोसणारा, लाल तांदळाचा. हळूहळू मोरस मागं हटतो. तो बांधाच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि वाट बघतो. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढच्या साली मोरस परत हजर. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते तण. खरं तर ते त्या जमिनीचं मूळ रहिवासी.

चिखलाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांध घालणारे हात आगरी, कोळी, महार, कातकरी अशा कष्टकऱ्यांचे. कागदावर मालक दुसरा. कुलाबा जिल्ह्यात कुठं शिलोत्रदार, कुठं खोत, कुठं सावकार. पिकाचा निम्मा वाटा त्याचा, वर वेठ वेगळी. याच खारेपाटात अलिबागजवळ चरी गावाला १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप केला. पिकवायचंच नाही! सहा वर्षं, १९३९ पर्यंत. चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांत नांगर फिरला नाही. लोकांनी लाकडं तोडून विकली, मजुरी केली, हाल काढले. बाबासाहेब त्या संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. आगरी कूळ आणि महार मजूर एका झेंड्याखाली चालत गेले. आज जे आपल्याला सांगतात की बाबासाहेब फक्त एका जातीचे, त्यांना चरीला घेऊन जा.

खोती गेली, कूळकायदा आला. १९४८ ला खारजमिनींचा कायदाही झाला. पण सातबाऱ्यावर एक शब्द राहिला: पोटखराबा. गटातला जो तुकडा लागवडीला लायक नाही तो पोटखराबा. त्यावर आकार नाही. इथं 'पोट' म्हणजे पोटजातीतलं पोट, आतला भाग. पण आमच्या वाड्यातल्या बायांना जर कुणी सांगितलं असतं की जिथून तुम्ही भाजी, चिंबोऱ्या, सरपण आणता त्या जागेला सरकार पोटखराबा म्हणतं, तर त्यांनी विचारलं असतं, कुणाचं पोट? शेताच्या सातबाऱ्यावर आमचं नाव नव्हतं. आमचं पोट त्या खराब्यावरच चाललं होतं.

'पडीक' हा त्याचाच मोठा भाऊ. बाबासाहेबांनी हा शब्द बरोब्बर पकडला होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मागणी केली की सरकारी पडीक जमीन एका वसाहत आयोगाच्या ताब्यात द्या आणि अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवा. १९५४ मध्ये राज्यसभेत तर त्यांनी अशी सूचना केली की ऐकणारे चपापले असतील. मिठावरचा कर १९४७ मध्ये उठला होता. बाबासाहेब म्हणाले, तो परत बसवा, गांधीजींच्या नावानं निधी करा आणि त्या पैशातून अस्पृश्यांना पडीक जमिनीवर वसवा. मीठ आणि जमीन त्यांनी एका वाक्यात जोडली. निधी झाला नाही. दादासाहेब गायकवाडांनी मग १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ च्या ६ डिसेंबरपासून देशभर केला, माणसं लाखांनी तुरुंगात गेली. मागणी तीच. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या.

आता मी तुम्हाला कोकणातून उचलून बंगालच्या किनाऱ्याला नेतो. कारण पडीक जमिनीवर आपली माणसं स्वतःहून जाऊन बसली तर काय होतं, ते तिथं दिसलं. आणि तिथल्या चिखलातही हेच झाड आहे. सुंदरबनात मोरसाला गिरिया शाक म्हणतात, गरीब माणूस खातो.

१९४६ साली बाबासाहेब घटना समितीत गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमोशूद्रांच्या बळावर. फाळणीत त्यांचे जेसोर-खुलना जिल्हे पाकिस्तानात गेले. वरच्या जातीचे निर्वासित आधी आले, कलकत्त्यात स्थिरावले. नमोशूद्र मागाहून आले. त्यांना दंडकारण्यात, खडकाळ रानात नेऊन टाकलं. नदीखाडीतली माणसं. तिथं ना मासा, ना भात. डाव्या पक्षांनी विरोधात असताना सांगितलं, तुम्हाला बंगालमध्ये वसवू. १९७७ ला ते सत्तेवर आले. १९७८ ला निर्वासित निघाले. अनेकांना वाटेतून परत हाकललं. तरी सुमारे तीस हजार माणसं सुंदरबनात मरीचझापी नावाच्या बेटावर पोचली.

बेटावर त्यांनी काय केलं ते ऐका. बांध घातले. मासळीची तळी केली, मिठागरं केली, शाळा काढली, दवाखाना काढला, विड्या वळल्या, होड्या बांधल्या. सरकारकडून पैसा नाही. आमच्या खारेपाटातल्या माणसानं जे पिढ्यान्पिढ्या केलं ते त्यांनी काही महिन्यांत केलं, आणि या वेळी वर कुणी खोत नव्हता. सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे, वाघाचं आहे. त्याच बेटावरचं जंगल १९७५ मध्ये नारळ आणि झाऊ लावायला साफ केलं होतं, तेव्हा वाघ आडवा आला नव्हता.

२४ जानेवारी १९७९ ला जमावबंदी लावली. पोलिसांच्या लाँचनी बेटाला वेढा घातला. तांदूळ बंद, औषध बंद, गोडं पाणी बंद. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. कलकत्ता हायकोर्टानं सांगितलं की अन्नपाणी अडवता येणार नाही. तरी वेढ्याचा फास सुटला नाही. त्या दिवसांत माणसांनी काय खाल्लं? वाचलेले सांगतात, जदु पालंग. घोळीसारखी दिसणारी, जाड पानांची, खारट. मोरस नव्हे, पण मोरसाच्याच चिखलातली, त्याची शेजारीण. नीट उकडून, पाणी फेकून खाल्ली तर ती भाजी आहे. पण उकडायला गोडं पाणी कुठं होतं? पोरांना हगवण लागली. पोरं मेली. मे महिन्याच्या मध्यात पोलिसांनी झोपड्या जाळून बेट रिकामं केलं. मेलेल्यांचा सरकारी आकडा दोनाचा, लोकांचा शेकड्यांचा. चौकशी आयोग बसलाच नाही.

'रानभाज्या किती पौष्टिक' म्हणून लेख लिहिणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. भाजी तीच असते. तिच्याबरोबर ताटात भात आहे की नाही आणि चुलीवर गोडं पाणी आहे की नाही, यावर ती जेवण आहे की मरण ते ठरतं. आमच्या आजीच्या भाजीचं कौतुक मलाही आहे. पण तिला ती आवडायची म्हणून ती खायची, की दुसरं काही नव्हतं म्हणून, हे वेगळं करून दाखवा आधी.

आणि आता झाडाला किंमत आलीय. मोरसाच्याच गोतावळ्यातली सॅलिकॉर्निया युरोपातल्या हॉटेलांत माशाबरोबर महागात वाढतात. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनं तिच्यापासून 'वनस्पती मीठ' काढायची रीत शोधली, अमेरिकेत पेटंट घेतलं. संशोधनाला माझा विरोध नाही. मीठ सोसणारी पिकं उद्या लागणार आहेत, समुद्र चढतोय. पण झाडातलं मीठ मिठाऐवजी वापरायची अक्कल ज्या बायांकडं होती, त्यांचं नाव कुठल्या पेटंटवर नाही.

जमिनीचंही तेच. १९७० मध्ये सिडको झाली, पनवेल-उरणची खारजमीन नव्या शहरासाठी गेली. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात भावाच्या लढ्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीनं पडले. त्यांच्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो मिळाला सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. पोटखराब्यावर जगणाऱ्यांना शून्य टक्के. २०२४ मध्ये मुंबईच्या मिठागरांची पाळी आली. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी घ्यायला राज्य मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. धारावी तरी कुणी वसवली? माहीमच्या खाडीची दलदल होती ती. तिथं कातडी कमावणारे आले, तिरुनेलवेलीकडचे, आपल्यातले. त्यांच्या किनाऱ्यावर मोरसाला उमरी म्हणतात. त्यांनी दलदल भरून जमीन केली. आता ती जमीन सोन्याची झाली, तर त्यांच्यातले जे कागदावर अपात्र ठरतील त्यांच्यासाठी पुन्हा मिठाची दलदल.

मुलुंडच्या मिठागरांच्या कडेनं अजून मोरस आहे. पूर्व द्रुतगती मार्गावरनं जाताना गाडीतून दिसत नाही. उतरून चालावं लागतं.

खाडीकाठच्या शाखांमधल्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपापल्या गावच्या गटांचे उतारे काढा, पोटखराबा किती आणि तो कुणी, कधी, कशासाठी वापरला ते म्हाताऱ्या बायांना विचारून लिहून घ्या. भाजीचं गावातलं नाव, ती कुठं खुडायचे, बांध कुणी घातला, खांड कधी गेली, सगळं तारखेसकट. तारीख आठवत नसेल तर "चरीच्या संपात", "बाबा गेले त्या साली", असं सांगतात त्या. तसंच लिहा.